मुरूडच्या वैद्यांचं पथ्य

नागावच्या देवदत्तांना निवृत्तीनंतर दोन गोष्टी जडल्या: रेवसच्या धक्क्यावरचे बटाटेवडे आणि छातीतली जळजळ. पहिलीमुळे दुसरी होते, हे प्रमोदिनीबाई सांगून थकल्या. डॉक्टरही तेच म्हणाला, तर तो पोरगेलासा वाटला म्हणून त्याचं ऐकलं नाही. देवदत्तांचा सगळा भरवसा मोबाइलवर. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं दिसलं की मागवलंच. कोरफडीचा रस, ज्येष्ठमधाच्या गोळ्या, आवळ्याची पावडर. फ्रीजमध्ये दह्याला जागा उरली नाही. वर आंबट ढेकर होतेच.

नवरा आपलं सोडून कुणाचंही ऐकतो, हे प्रमोदिनीबाईंना शाळेत शिकवत होत्या तेव्हापासून ठाऊक. एका दुपारी त्यांनी बडीशेप आणि धणे भाजले, खडीसाखर घालून पूड केली नि बाटलीत भरली.

"मुरूडला एक वैद्य आहेत, त्यांचं चूर्ण," त्या म्हणाल्या. "पण पथ्य फार कडक. जमणार नाही तुम्हाला."

"न जमायला काय झालं?"

मग पथ्य सुरू झालं. दिवेलागणीला जेवण. वडे बंद. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, वाडीत फिरायचं. जळजळ खरंच उतरली. प्रमोदिनीबाईंना चेव आला. फिरता फिरता सुपारीला पाणी घालावं, असं वैद्यांनी कळवलं. मग आपलं ताट आपण घासावं, असंही. देवदत्त निमूटपणे करत होते.

एका सकाळी ते शर्ट चढवून निघाले. "मुरूडला जातो. वैद्यांचे आभार मानायला हवेत."

दिवसभर प्रमोदिनीबाईंचं कशात लक्ष लागेना.

संध्याकाळी देवदत्त परतले ते खुशीत. "भेटले वैद्य. पथ्य बदललंय. रविवारी दोन वडे चालतील. आणि रुग्णाच्या बायकोनं रोज त्याच्याबरोबर समुद्रावर फिरायचं. घरी बसून हुकूम सोडायचे नाहीत."

वैद्य मुळात नाहीतच, हे आता म्हणायचं कोणत्या तोंडानं? प्रमोदिनीबाईंनी चपला घातल्या. किनाऱ्यावर पोचल्यावर मात्र राहवेना.

"दिसतात कसे हो हे वैद्य?"

"वैद्य कसले, बाई आहेत," देवदत्त वाळूतून पुढे चालत म्हणाले. "बोलणं अगदी शाळेतल्या बाईंसारखं. हाताला भाजलेल्या बडीशेपेचा वास."