घोड्याच्या शेपटीचा केस

“कडी काढा आधी. घोड्याच्या शेपटीचा केस घिऊन न्हाणीत काय करताय तुमी?”

बायको बाहेरून ओरडत होती. आमच्या बायकोचा आवाज असा, की ओतूरच्या स्टँडवर ती नुसती खोकली तरी सुटलेली एसटी रिव्हर्स घेते. त्या सकाळी आमच्या रानातले बगळे जे उडाले ते थेट तळेघरच्या भातखाचरात जाऊन टेकले. हे मी आजही सांगतो आणि कुणी खोटं म्हणत नाही, कारण म्हणायचं झालं तर तिच्या समोर म्हणावं लागेल.

आत मी एकटा असल्याची तिची समजूत होती. मी एकटा नव्हतो. मामा होता. मामाला जाऊन बरीच वर्षं झालीत, पण आठवडाभर तो माझ्या न्हाणीत येऊन बसत होता. दिसायचा नाही. हिना अत्तराचा वास यायचा, झालं. आमच्या घरात अत्तर कुणीच लावत नाही.

बातमी फुटली ती मेंढपाळांच्या बिऱ्हाडातून. खतासाठी मी रानात मेंढ्या बसवल्या होत्या. त्यांच्या घोड्याच्या शेपटीतला एक केस मी सकाळी मागून आणला. त्यांची कारभारीण ताक न्यायला आली आणि सहज विचारून बसली, की पावण्यांना चामखीळ कुठं आलीय. आता माझ्या अंगावरची प्रत्येक चामखीळ बायकोला तोंडपाठ. नवीन कुठली आली नव्हती.

आमच्याकडं चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधतात. ती सुकते आणि गळून पडते. माझ्या मानेवरची अशीच गेली होती. होती बोराएवढी, मी लिंबाएवढी सांगतो. तेव्हा या उपायावर माझा गाढ विश्वास. पण या वेळी चामखीळ नव्हतीच. लिंगाच्या वरच्या अंगाला कातडीखाली एक नस फुगून टणक झाली होती. ठिबकच्या बारक्या नळीसारखी हाताला लागायची, दाबली की ठणकायची. आधी वाटलं उतरेल. उतरली नाही. मग डोक्यात आलं, मुळाशी केस बांधून टाकू. नसच ती, सुकेल.

ही अक्कल मला मामा शेजारी बसलेला असताना सुचली, हे लिहून ठेवतो.

माझं शाळेचं वय मामाकडं गेलं, अवसरी बुद्रुकला. माणूस असा, की बैल बसला तर गाडीला स्वतः खांदा द्यायचा आणि वर बैलाला गाडीत घ्यायचा. शेवटची दोन-तीन वर्षं तो पारावर येईना. आला तर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचा. कानात अत्तराचा फाया. म्हातारपणी रंगेल झाला म्हणून पोरं हसायची, मीही हसलो. त्याला कुणी काही विचारलं की एकच उत्तर, उष्णता झालीय. सब्जा भिजवून प्यायचा. धोतराखाली त्या जागी एक जखम होती, भरत नव्हती. पुण्याला नेला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, लई पसरलंय. मामीलाही तेव्हाच कळलं, असं आम्ही सगळे धरून चाललो.

तर मी आत, केस बोटाला गुंडाळलेला. बाहेर बायको. दार हलायला लागलं तसा मी म्हणालो,

“काय न्हाई गं. उष्णता झालीय.”

आवाज माझा नव्हता. ती ओढ, तो शेवटचं अक्षर गिळण्याचा ढंग, सगळा मामाचा. एवढ्या थापा मारल्या जन्मात, ही त्यातली नव्हे. हिन्याचा वास असा दाटला, की मला श्वास पुरेना. मी कडी काढली.

बायकोनं कांदाचाळीतला कांदा नासलाय का बघावा तशी तपासणी केली. मग माझ्या बोटावरचा केस सोडवून खिडकीतून बाहेर टाकला आणि म्हणाली, “कपडे घाला. मंचरला जायचंय.”

मोटारसायकलवर मी पुढं, ती मागं. तिच्याही मागं कोण बसलं होतं ते मी सांगत नाही, पण गाडी ओढत नव्हती.

डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं हात लावून पाहिलं, सोनोग्राफी केली. म्हणाला, वरच्या शिरेत रक्त गोठलंय. भीतीचं दिसत नाही, काही आठवड्यांत आपोआप विरघळतं. कधी मार लागून होतं, कधी संबंधात जोर झाला म्हणून. यावर आम्ही नवरा-बायको दोघंही पंख्याकडं बघायला लागलो. दुखण्याची गोळी दिली, ठणका जाऊन गाठ विरेपर्यंत जवळ जायचं नाही म्हणाला, आणि परत दाखवायला बोलावलं.

मी केसाची गोष्ट सांगितली, हसेल म्हणून. तो हसला नाही. तिथं काहीही आवळून बांधलं तर रक्त अडतं, म्हणाला, मग तो भाग कापायची पाळी येते. पुढं बोटावर मोजत सांगितलं, की ताप आला, लाली पसरली, सूज वाढली, लघवी अडली किंवा त्यात रक्त दिसलं, ताठरपणा चार तास उतरला नाही, तर दिवस-रात्र बघायची नाही, निघून यायचं.

“आणि जखम असली तर?” मी विचारलं. “दुखत नसली, पण भरत नसली तर?”

“दोन-तीन आठवड्यांत भरली नाही की दाखवायची. लवकर आलं तर पुष्कळ करता येतं. तुम्हाला आहे का?”

“मला न्हाई,” मी म्हणालो.

अवसरी तिथून जवळच. मामीकडं गेल्याशिवाय माघारी फिरणं बरं दिसलं नसतं. मामी ओट्यावर लसूण सोलत होती. माझा जीव भांड्यात पडलेला, त्यामुळं तोंड सुटलं. नसेचा मी विहिरीवरच्या मोटेचा जाड दोर केला, घोड्याला अख्खी शेपूट गमवायला लावली. बायको पदराआड हसत होती. मामी हसली नाही. कुडीमागून कुडी सोलत राहिली.

ओट्यावर हिन्याचा वास नव्हता. मला तो तिथं नक्की येईल असं वाटलं होतं. मग मीच म्हणालो,

“मामानं कुणाला तरी सांगायला पायजे व्हतं, मामी. आपल्याला कुणाला कळलंच न्हाई.”

मामीनं मान वर केली नाही.

“धोतर मीच धूत व्हते,” ती म्हणाली.