सातव्या होडीचा रंग

अँब्रोज क्विलिगनला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आमच्या गल्लीत दोनच, एक त्याची बायको आणि दुसरे पाद्री. बाकी सगळ्यांचा तो लॅम्प्स. जहाजांवर तेलाचे दिवे होते तेव्हा ते पुसणाऱ्या माणसाला हे नाव पडलं. पुढे वीज आली, दिवे गेले, नाव मात्र राहिलं. आता लॅम्प्स म्हणवणाऱ्या माणसाकडे जहाजावरची रंगाची कोठी असते आणि त्या कोठीची किल्ली. आमचा लॅम्प्स ती किल्ली रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला येतानाही गळ्यातून काढत नसे.

लिव्हरपूलजवळ बूटलमध्ये गोदीच्या भिंतीमागे त्याचं आणि आमचं घर एकमेकांना चिकटून होतं. हा माणूस घरी आला की दोन दिवस झोपायचा आणि तिसऱ्या दिवशी ब्रश काढायचा. दार, जिना, कोळशाची बादली, समोर येईल ते रंगवायचं. पुढच्या खोलीच्या खिडकीला तर त्याने रंगाचे इतके हात दिले होते की ती उघडेनाशी झाली. त्याची बायको नेल, आमची नेलमावशी, म्हणायची, "उन्हाळा आला की आम्ही शेजाऱ्यांना त्यांची खिडकी उघडायला सांगतो." लॅम्प्स हसायचा आणि पुढच्या सफरीनंतर आणखी एक हात द्यायचा.

लॅम्प्स आणि मी 'बेलिसामा' जहाजावर होतो. लिव्हरपूल ते ब्वेनोस आयरेस, वर उतारू, पोटात कोळसा. परतीच्या वाटेवर पोर्तुगालच्या किनाऱ्याला समुद्र जरा शांत मिळाला की सगळं जहाज रंगवून काढायचं, ही आमच्याकडची रीतच होती. धक्क्यावर बायका उभ्या असतात, कचेरीतले हॅटवाले उभे असतात. मळक्या तोंडाने कोण घरी जातं?

लॅम्प्सचा जीव होता होड्यांवर. जीव वाचवायच्या त्या होड्या त्याला चादरीसारख्या पांढऱ्या लागायच्या. जुना रंग खरवडायला कोणाला वेळ नसायचा, म्हणून त्याच्यावरच नवा चढायचा. होडी जिच्यात बसते ती लाकडी खोबण, बांधलेले आकडे, दोर ओढायच्या कप्प्या, सगळं त्या पांढऱ्याखाली. गोदीत तपासनीस आला की धक्क्याकडच्या, म्हणजे उजव्या बाजूच्या पुढच्या दोन होड्या झुलवून दाखवायच्या. तेवढ्या दोनच लॅम्प्स ग्रीस लावून ठेवायचा. बाकीच्या वर्षानुवर्षं जागच्या हलल्या नव्हत्या आणि हे कप्तानापासून भटाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला आजही संताप येतो तो यात लबाडी नव्हती याचाच. आम्ही याला टापटीप म्हणत होतो.

लॅम्प्सची एकुलती मुलगी यूना त्याच जहाजावर तिसऱ्या वर्गाच्या बायकापोरांची देखभाल करायची. पोरगी डोळ्यांसमोर राहील म्हणून त्यानेच खटपट करून तिला लावून घेतलं होतं. ती त्याला चिडवायची, "बाबा, मी डेकवर डुलकी काढली तर मलापण रंगवून टाकशील." तो म्हणायचा, "हलली नाहीस तर टाकेन."

त्या डिसेंबरात पोर्तुगालजवळ नेहमीसारखा रंग झाला. पुढे बिस्केच्या उपसागरात वादळाने गाठलं. सकाळच्या न्याहारीपर्यंत कोळसा भरायच्या दारातून पाणी आत शिरलं होतं. जहाज उजवीकडे कललं, पोटातला कोळसा त्या बाजूला घसरला आणि मग ते सरळ झालंच नाही. कप्तान मदतीला येणाऱ्या दुसऱ्या जहाजाची वाट बघत बसला. होड्या सोडायचा हुकूम दुपारी आला. तोवर डावीकडच्या होड्या जहाजाच्याच अंगावर रेलल्या होत्या, त्यांचा काही उपयोग राहिला नव्हता. उजवीकडे विषम आकड्यांच्या चार होत्या. पहिली आणि तिसरी, म्हणजे ग्रीसवाल्या, सरळ खाली गेल्या. वरच्या वर्गाचे लोक जवळ होते, ते त्यांत बसले.

यूना खालून बायकापोरांना घेऊन येईपर्यंत पाचवी आणि सातवी एवढ्याच उरल्या. पाचवीला खलाशांचा मुकादम तांडेल आणि त्याची माणसं भिडली होती. सातवीच्या पुढच्या दोरावर मी, मागच्या दोरावर लॅम्प्स आणि एक भटारी. अधिकाऱ्याने यूनाला पोरांबरोबर होडीत बसवलं. आकडा सुटेना. लॅम्प्सने कुऱ्हाड आणली आणि स्वतःच्याच रंगावर घातली. रंगाचा वरचा हात अजून ओला होता, खालचे हात दगडासारखे झाले होते. आकडा तुटला, तरी होडी खोबण सोडेना. लॅम्प्स तिला खांदा लावून सारखा म्हणत होता, "हल ना गं बाई, हल." शेवटी ती मोठा आवाज करून सुटली आणि बाहेर झुलली.

आम्ही दोर सोडायला लागलो. माझा दोर पळाला, मागचा जागचा हलला नाही. होडीचं नाक खाली गेलं आणि दोन बायका घसरून सरळ पाण्यात पडल्या. त्यांची नावं मला कधीच कळली नाहीत. मी दोर आवळून धरला. खालून यूना ओरडली, "बाबा, मागची कप्पी फिरत नाहीये."

"दिसतंय मला," लॅम्प्स म्हणाला.

मागचा दोर भटाऱ्याच्या हातात देऊन तो होडी पेलणाऱ्या लोखंडी हातावर पोटावर सरकत गेला. खाली समुद्र उसळत होता. लोखंडी टोच्याने तो कप्पीतला रंग खरवडू लागला, टोचा शिरत नव्हता तिथे नखांनी. पांढरे पापुद्रे यूनाच्या केसांत पडत होते. ती मान वर करून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या मांडीवर कोणाचं तरी पोर होतं.

"फार रंग लावला गं मी," तो म्हणाला. तिला म्हणाला की होडीला, मला सांगता यायचं नाही.

कप्पी करकरत फिरली. होडी सरळ झाली आणि पाण्याला लागली. भटारी आणि मी दोरावरून खाली घसरलो. यूना हाका मारत होती, "बाबा, उडी मार, उडी मार." लॅम्प्स लोखंडावरून मागे सरकला, डेकवर उभा राहिला, त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि टोचा घेऊन पाचवीकडे गेला. पाचवी माणसांनी भरलेली होती आणि अजून खोबणीतच होती. तो तिच्या आकड्यावर वाकला. तेवढ्यात जहाज आडवं झालं. आम्ही वल्ही मारून जेमतेम लांब गेलो. पाचवी तिच्यातल्या माणसांसकट जहाजाबरोबर गेली. वर काहीच आलं नाही.

वर्तमानपत्रांनी लॅम्प्सला वीर केलं. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी रंगाचं सांगितलं. छापून आलं ते वादळ. यूनाने आईला एवढंच सांगितलं होतं की बाबाने आपल्या हातांनी होडी खाली सोडली. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण एकदा परसात ती मला म्हणाली, "कॉन, ज्याने होडी सोडवली त्यानेच ती जखडून ठेवली होती. मी त्याच्यासाठी रडू तरी कशी?"  

लॅम्प्ससाठी मिस्सा ठरली. त्यानंतर माणसं घरी चहाला येणार म्हणून नेलमावशीने मला बोलावलं आणि पांढऱ्या रंगाचा डबा हातात दिला. "तेवढी पुढची खिडकी रंगव रे. तो असता तर असली कळकट खिडकी लोकांना दाखवली नसती."

मी डबा उघडत होतो, तोच यूना स्वयंपाकघरातून पाव कापायची सुरी घेऊन आली. तिने ती खिडकीच्या फटीत खुपसली आणि चौकटीभोवती ओढायला लागली. रंगाचे तुकडे लाकडावर पडत होते. नेलमावशी म्हणाली, "अगं, थंडी येईल."

"येऊ दे."

 खिडकी एका बाजूला अडकून राहिली, यूनाने ती तळहातांनी ठोकली आणि तशीच कपाळ टेकून रडायला लागली. जहाज बुडाल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. नेलमावशीने तिच्याजवळ जाऊन रंगाचा एक तुकडा उचलला. करंगळीएवढा जाड होता. तिने तो उजेडात धरून त्याची कड पाहिली, एकावर एक चढलेले हात पाहिले आणि माझ्याकडे वळली.

"होड्यापण अशाच होत्या का रे, कॉन?"

मी होय म्हणून मान हलवली.

तिने तुकडा ॲप्रनच्या खिशात टाकला, यूनाच्या हातातली सुरी घेतली आणि राहिलेली बाजू स्वतः कापायला लागली. खिडकी उघडल्यावर गोदीचा वारा आत आला. मी डब्याचं झाकण लावलं.