वाघाले ऐकवलेली अमेरिका

मोहाची फुलं वेचतानी तोंड चालू ठेवावं लागते. आमच्या पोंभुर्ण्याच्या जंगलात वाकून वेचणारा माणूस वाघाले चितळासारखा दिसते, बोलणारा माणूस मात्र माणूसच वाटते. पण बोलावं काय? आमच्या बुढीचे अन् माहे घरचे विषय लग्नानंतर लवकरच संपले. मंग आमी रेडिओच्या बातम्या भांडणाले घेतल्या. बातमी कवाचीही असो, भांडण मोहाच्या दिवसांसाठी राखून ठेवू.

तिनं पॅलेस्टाईन घेतलं. मले अमेरिका उरली. अमेरिकेचं मले कधी पटलं नाई, पण दोघंही एकाच बाजूनं बोलले तर आवाज वाढत नाई.

अमेरिकेच्या एका अध्यक्षानं इस्राएल अन् पॅलेस्टाईनच्या पुढाऱ्यांचे हात आपल्या अंगणात जुळवले, म्हणून मी झाडाखाली नाचलो. बुढी म्हणे, हात जुळले, जमिनीचं काय? पुढचा शांततेचा नकाशा घेऊन आला. त्याच्या मागचा गोड बोलला अन् जाता जाता इस्राएलले हत्यारांची मोठी मदत कबूल करून गेला. मंग एकानं वकिलातच उचलून जेरुसलेमात नेली. त्यावर बुढीनं असा आवाज लावला, का वाघ राहू द्या, फॉरेस्टचा गार्ड धावत आला. नंतरचा म्हणे लोकं मारू नका, अन् बॉम्बही धाडे. त्याच्यावर आमी पोट धरून भांडलो. तो तिचा शेवटचा मोहाचा हंगाम, पावसाळ्यात ती गेली.

यंदा पोरगा म्हणाला, एकट्यानं जंगलात जायचं नाई. जंगल सुटलं असतं तर मी घरात बसून मेलो असतो. मंग सून सोबत याले तयार झाली. पण सासऱ्यासमोर आवाज चढवाचा नाई, हे तिले माहेरी शिकवलेलं.

मी सुरू केलं. तो वकिलातवाला पुन्हा अध्यक्ष झाला, गाझा आपणच घेतो म्हणते.

"हो, मामाजी."

समुद्राकाठी हॉटेलं उठवतो म्हणते.

"हो, मामाजी." इतकं हळू, का मलेच ऐकू येईना.

तेवढ्यात झुडपात पानं वाजली. मी घाबरून बोंबललो का बरोबर करते तो, तिथल्या लोकांले द्या दुसऱ्या देशात धाडून.

सुनेनं टोपली आदळली. "काऊन धाडून द्याचं? माह्या बापाचं घर राजुऱ्याकडं कोळशाच्या खाणीत गेलं, मामाजी. तवाही तुमच्यासारखाच कोणी म्हणाला असंल, द्या धाडून. तुमाले इथून उठवलं तर जासान का?"

झुडपातून रानडुक्कर शेपूट वर करून पळालं. असा आवाज या झाडाखाली लय दिवसांनी ऐकला होता. मले हसू फुटलं, डोळ्यातून पाणी आलं, तरी मी अमेरिका सोडली नाई. ती मले हाणून पाडे, मी पुन्हा उठे. ऊन चढेपर्यंत टोपल्या भरल्या.

घरी पोरानं विचारलं, उद्या बुढा घरीच राहीन ना?

सून पाणी पेता पेता म्हणाली, "छे. मामाजीले अजून लय समजवाचं हाय."