दोन कार्बोरेटरांची प्लिमथ

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत मनमोहन विजयकरांची १९५८ची प्लिमथ आजही उभी आहे. मागे माशाच्या परांसारखे उंच पंख, आणि उदरात, त्यांचे दिवंगत वडील अण्णा अभिमानाने सांगत त्याप्रमाणे, "मुद्दाम मागवलेलं, जास्त ताकदीचं, दोन कार्बोरेटरांचं इंजिन." अण्णा हयात होते तोवर बॉनेट उघडण्याचा अधिकार केवळ त्यांचा. दसऱ्याची पूजाही ते एकट्यानेच करीत.

त्यांच्या पश्चात मनमोहनरावांनी गाडी डिलाईल रोडवर, शाळासोबती रघुवीरच्या गॅरेजात दिली. ती परतल्यावर त्यांनी प्रथमच बॉनेट उघडले, तो आत कार्बोरेटर एकच! इंजिन रघुवीरने बदलले, हे त्यांनी वाडीभर सांगितले. मैत्री तुटली. पुढे गाडीजवळ कोणी रेंगाळले तरी ते गॅलरीतून खाकरत. प्रतिवर्षी त्या परक्या इंजिनावर शेंदूर मात्र ते निष्ठेने लेपीत. पूजा चुकवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

यंदा नात उर्वीला गाडी जुन्या मोटारींच्या मेळाव्यात न्यायची होती. "आजोबा, इंजिन मूळचं आहे का, ते तपासतात." मनमोहनरावांनी रघुवीरला बोलावून घेतले. चोरी त्याच्या डोळ्यांदेखत उघडी पाडायची होती.

खंडेनवमीच्या सकाळी रघुवीर काठी टेकत आला. "काय रे, चहा मिळेल, की कपही लपवून ठेवलेस?"

मनमोहनरावांनी बॉनेट उघडले.

उर्वीने रॉकेलच्या फडक्याने शेंदराची पुटे उतरवली. त्या एकुलत्या कार्बोरेटरच्या बैठकीपाशी, धातूत कोरलेली अक्षरे उमटली: 'श्री. दसरा १९५८'. 'श्री'चे शेपूट डावीकडे मुरडलेले, देवघरातल्या ताम्हनावर अण्णांनी कोरले होते तसेच.

"हे तूही कोरू शकतोस," मनमोहनराव पुटपुटले.

"ताम्हन बघायला देवघरात यावं लागलं असतं. अण्णांनी मला उंबरा तरी ओलांडू दिला होता का रे?"

मनमोहनरावांनी बोट त्या 'श्री'च्या शेपटावरून फिरवले. एवढ्यात वरच्या गॅलरीतून गंगाधरपंत ओरडले, "काय मनमोहनराव, सापडला का चोर?"

मित्राला निर्दोष म्हणायचे, तर वडिलांना खोटे ठरवायचे, तेही भर वाडीत. उर्वीने आजोबांकडे पाहिले.

"चोरी झालीच नव्हती," मनमोहनराव वर पाहून, खणखणीत आवाजात म्हणाले. "अण्णांनी गाडी घेतली तेव्हापासून कार्बोरेटर एकच होता." मग कुंकवाची कोयरी रघुवीरपुढे धरून म्हणाले, "लाव इंजिनाला. आणि आत ये, चहा घे."