बाबांच्या छातीवरचं विद्यापीठ

अमेरिकेतल्या त्या जुन्या, नामांकित खाजगी विद्यापीठातल्या एक प्राध्यापिका आमच्या म्युनिकच्या इन्स्टिट्यूटमध्ये येणार आणि त्यांच्या प्रयोगशाळेत एकच जागा आहे, हे कळल्यापासून माझी झोप उडाली होती. पीएचडी संपत आलेली, ती जागा मला हवी म्हणजे हवीच होती. पुण्याहून आलेले बाबा तर माझ्याहून जास्त उतावीळ. त्या विद्यापीठाला एका देणगीदाराचं नाव दिलंय, हेही त्यांनी शोधून काढलं. "आपल्याकडे देणगीदाराचं नाव देवळाच्या फरशीवर, लोक पाय देऊन जातात! इथे बघ, अख्खं विद्यापीठ!"

माझ्या मुलाखतीच्या दिवशी ते आमच्या मेन्झात, म्हणजे कँटीनमध्ये, जेवायला आले. अंगात काय, तर त्याच विद्यापीठाचं नाव छापलेला टी-शर्ट! लक्ष्मी रोडवर हातगाडीवरून घेतलेला. "शकुन म्हणून घातलाय," म्हणे. आपल्याकडे शर्टावर काय लिहिलंय ते बघतं कोण? असली नावं छातीवर घेऊन अर्धं पुणं भाजी आणायला जातं.

नेमक्या त्या पाहुण्या प्राध्यापिका बाई ट्रे घेऊन समोर आल्या. मी माझी आणि बाबांची ओळख करून दिली. त्यांच्याकडे तो शर्ट म्हणजे तिथे शिकल्याची खूण. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला आणि सुटल्याच की! कोणत्या साली होतात, कुठल्या वसतिगृहात? बाबांना ते अमेरिकन इंग्रजी काडीचंही कळेना. पण मुलीच्या मॅडमना "काय म्हणालात?" असं विचारणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. ते आपले हसून मान डोलावतायत, "येस, येस."

बाई माझ्याकडे वळल्या. "अगं, मग तू तर आमच्याच घरची! आता मुलाखत कसली घ्यायची?"

देवाशपथ सांगते, क्षणभर मी हवेत होते. गप्प बसले असते तर जागा माझी होती. पण राहवेना, भरभर इंग्रजीत बोलूनच टाकलं. "नाही हो मॅडम. शर्ट रस्त्यावरचा आहे. बाबा पुण्यात शाळेत शिकवायचे. आमच्या सात पिढ्यांत तिथे कोणी गेलेलं नाही. तुम्ही माझं काम बघा."

बाईंचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, "दाखव."

दुपारभर प्रश्नांवर प्रश्न. पण मी एकालाही अडले नाही! शेवटी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "ये तू आमच्याकडे."

मी जिन्यावरून धावतच खाली आले. बाबा बाहेर बाकावर बसले होते. "बाबा, मिळाली! मिळाली!" आम्ही दोघं तिथेच नाचायला लागलो. येणारेजाणारे थांबून बघत होते. बघू देत! मग हसता हसता मी त्यांना मेन्झातला घोटाळा सांगितला.

बाबांचं हसू थांबलं. "म्हणजे त्यांना वाटलं, मी तिथे शिकलोय?"

"हो ना! मी लगेच खरं सांगून टाकलं."

"मग इतकी घाई कशाला केलीस गं?" बाबा म्हणाले. "जेवण होईपर्यंत तरी राहू द्यायचं होतंस."