जागा सांगितली नाही

कुत्रा दोन घरांचा होता. धुळ्यात देवपूरच्या पुढे आमची कॉलनी. तिथे एकाच नकाशावर बांधलेली दोन घरं, एक आमचं आणि एक शेजारच्यांचं, मध्ये कमरेइतकी भिंत. घरांचं बांधकाम चालू असताना वाळूच्या ढिगावर कुणीतरी ते पिल्लू सोडून गेलं होतं. पुढे त्याची सकाळची पोळी शेजारी व्हायची आणि दुपारची झोप आमच्याकडे, आबांच्या खाटेखाली. दोन घरांनी त्याला दोन वेगळी नावं ठेवली होती आणि तो दोन्ही नावांना धावत यायचा.

आबा म्हणजे माझे वडील. वरणगावच्या फॅक्टरीत त्यांची सगळी नोकरी झाली. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. मी इथे महाविद्यालयात शिकवते. घरात आम्ही दोघंच. शेजारच्यांना आम्ही भाऊ आणि वहिनी म्हणतो. भाऊ सरकारी कचेरीत आहेत, जामनेरकडे त्यांची शेती आहे. माणसं चांगली. आबांना चक्कर आली तेव्हा भाऊंनीच स्वतःच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं होतं. हिवाळ्यात वहिनींकडून वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी यायची. त्या आमच्याकडे चहा घ्यायच्या, आणि मला, खोटं कशाला बोलू, त्याचं बरं वाटायचं. घरात शिरल्यावर समोरच बुद्धाची मूर्ती आहे. आम्ही कोण हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यावरून कधी शब्द निघाला नव्हता.

कुत्रा म्हातारा झाला आणि एप्रिलमध्ये त्याची मूत्रपिंडं गेली. जनावरांच्या डॉक्टरकडे रोज सलाईन लावायला न्यायचं काम भाऊंनी घेतलं. मागच्या सीटवर जुनी गोधडी टाकून त्याला मांडीवर घेऊन वहिनी बसायच्या. त्यानं साडीवर घाण केली तरी त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. शेवटच्या संध्याकाळी भाऊंच्या ओट्यावर भाऊ आणि आबा त्याच्या दोन बाजूंना बसून होते. आबा चमच्यानं त्याच्या तोंडात पाणी सोडत होते आणि भाऊ वर्तमानपत्रानं वारा घालत होते.

सकाळी वहिनींच्या रडण्यानं मला जाग आली. आबा माझ्या आधीच तिकडे पोचले होते. कुत्रा ओट्यावर पाय ताणून पडला होता, आबांनी त्याच्या कानामागे हात ठेवलेला होता.

पुरायचा कुठे, हा प्रश्नच नव्हता, असं मला वाटत होतं. आमच्या मागच्या बाजूला सगळी फरशी. भाऊंच्या मागे मात्र चाफा आणि मोकळी माती होती, आणि उन्हाळ्यात कुत्रा तिथेच खड्डा करून बसायचा. आबांनीही तेच गृहीत धरलं होतं. "भाऊ, कुदळ आहे का? चाफ्याखाली करू."

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी डोळे पुसत आत गेल्या.

"मागे बोअर आहे, आबा," भाऊ म्हणाले. "आणि घराच्या आवारात मेलेलं पुरायचं म्हणजे... आमच्या घरात चालणार नाही. आई गावाहून येणार आहे, देवाचं आहे पुढच्या आठवड्यात."

"बरं. मग दुसरीकडे नेऊ."

"तेच म्हणतोय." भाऊ आबांच्या जवळ सरकले आणि आवाज खाली आणून बोलले. "तुमच्या ओळखीत असेल ना कोणी? म्हणजे तुमच्या लोकांना याची सवय असते. ओढून नेणारं कोणी. काय घेतील ते मी देतो."

मी भिंतीच्या अलीकडे उभी होते. मला वाटलं, आबांना नीट ऐकू आलं नसावं. पण आबांनी कुत्र्यावरचा हात काढला आणि ते उभे राहिले.

"काल मांडीवर नेला तुम्ही त्याला," आबा म्हणाले. "आज ओढायचा का?"

"तसं नाही हो आबा. जिवंत होता तोवर वेगळं. आता... तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

आबा ओटा उतरून घरी आले. चपला तिकडेच राहिल्या. खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "त्याले कोणी हात लावू नका. त्यास्ना बी शे तो. उचलू द्या त्यास्ले." तो त्यांचाही आहे, त्यांनाच उचलू द्या, असं म्हणणं होतं. घरात आमची बोली असते, पण आबांचा असा स्वर मी कधी ऐकला नव्हता.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी अर्धंमुर्धं कधीतरी ऐकलेलं होतं. पारोळ्याकडच्या आमच्या गावात कुणाचाही बैल, म्हैस मेली की निरोप आमच्या वस्तीवर यायचा. माझे आजोबा जायचे, पायांना दोर बांधायचे आणि ते धूड ओढत गावाबाहेर न्यायचे. आबा लहान होते, मागून चालायचे. ज्या बैलाला पोळ्याला पुरणपोळी भरवली, त्याचा मालक त्या वेळी लांब उभा राहून, इकडून न्या, तिकडून न्या, एवढंच सांगायचा. धर्मांतराच्या वेळी वस्तीनं ठरवलं, हे काम आता बंद. त्यानंतर पाटलाची म्हैस मेली आणि आजोबा गेले नाहीत. म्हैस तिथेच फुगून फुटली. गावानं वस्तीला कामावर बोलावणं बंद केलं, दुकानातून मीठ मिळेना. तरीही आजोबांनी दोराला हात लावला नाही. आबांना शाळेत घातलं, आणि त्या शाळेच्या जोरावर ते फॅक्टरीत लागले.

"आता मी त्याला उचलला," आबा म्हणाले, "तर मी माझा कुत्रा उचलला असं होणार नाही. भाऊनं सांगितलेलं काम केलं असं होईल." मग म्हणाले, "माले त्यान्हासाठे रडनं व्हतं. ते बी ऱ्हाई गयं."

मी महाविद्यालयात कळवून टाकलं की आज येत नाही. बाहेर ऊन चढत होतं. भाऊंनी कुत्र्यावर पोतं टाकलं होतं आणि दार लावून घेतलं होतं. पोत्यावर माश्या बसायला लागल्या. एकदा दार उघडून भाऊंनी बाहेर पाहिलं, मग आमच्या दाराकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेले. ते आमची वाट बघत होते. कुत्र्याचं जे काही व्हायचं ते इकडूनच होणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका दिसत नव्हती.

शेवटी मला ते बघवेना. मी महापालिकेत फोन केला. दुपारच्या आत गाडी आली, दोन माणसं उतरली. भाऊंनी दार उघडून लांबूनच ओट्याकडे बोट दाखवलं. एकानं पोतं बाजूला केलं, खिशातून नायलॉनची दोरी काढली आणि कुत्र्याच्या मागच्या पायांना फास घालायला लागला. त्याचं रोजचं काम होतं ते. तो कोणत्या वस्तीतून आला असेल हे मला विचारायची गरज नव्हती.

आबा खिडकीतून बघत होते. अनवाणीच उठले, पलंगावरची चादर ओढून घेतली आणि तापलेल्या रस्त्यावरून तिकडे गेले.

"दोरी काढ," ते त्या माणसाला म्हणाले.

"आबा, आम्ही असंच नेतो."

"माहीत आहे मला कसं नेतात. काढ."

त्यानं दोरी सोडवली. आबांनी चादर अंथरली, कुत्र्याला तिच्यावर घेतलं. त्यांच्यानं एकट्यानं उचलवेना, म्हणून दुसरं टोक मी धरलं. दारातून भाऊ म्हणाले, "आबा, तुम्ही कशाला? ते आलेत ना." आबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

आता नेणार कुठे? घर सोडलं तर आमच्या नावावर धुळ्यात काय, गावातही हातभर जमीन नाही. गाडी कचऱ्याच्या मैदानावर जाते हे त्या माणसांनी सांगितलं, तेव्हा आबांनी नकारार्थी मान हलवली. त्यातल्या एकानं आम्हाला फावडं दिलं, संध्याकाळी परत करा म्हणाला. पहिल्या रिक्षावाल्यानं चादर पाहून नकार दिला. दुसऱ्यानं काही न विचारता सीटवर प्लॅस्टिक टाकलं.

आम्ही पांझरेच्या काठाला गेलो, वस्ती संपते तिथे. नदी कोरडी पडलेली. पात्रात वाळू होती, पण तिथे भटकी कुत्री उकरून काढतील, म्हणून आबांनी काठावरची जागा धरली. जमीन दगडासारखी. मी फावडं मागितलं तर देईनात. त्यांची बंडी पाठीला चिकटली होती, आणि ते ज्या पद्धतीनं घाव घालत होते ते बघून मला भीती वाटली. खड्डा काही फार खोल झाला नाही. कुत्र्याला चादरीसकट आत ठेवलं, माती ओढली, वर दगड रचले. मी हात जोडून त्रिसरण म्हणायला लागले. आबांनी हातानंच नको म्हटलं. ते रडले नाहीत. दगडांशेजारी टेकले आणि बराच वेळ फावड्याच्या दांड्याकडे बघत राहिले.

घरी आलो तेव्हा भाऊंचा ओटा धुऊन झाला होता. फिनेलचा वास येत होता आणि त्याच्याखाली गोमूत्राचा. आबांच्या चपला कुणीतरी काठीनं की पायानं सरकवून भिंतीच्या आमच्या बाजूला ठेवल्या होत्या. मी आबांना आंघोळीला पाणी काढलं. ते म्हणाले, नको. मातीच्या हातांनीच चहा प्यायले, तशाच कपड्यांनी खाटेवर आडवे झाले. रात्रीपर्यंत त्यांनी अंगाला पाणी लावलं नाही.

संध्याकाळी भाऊ आणि वहिनी आले. वहिनींचे डोळे सुजले होते, आणि ते रडणं खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. भाऊ खुर्चीच्या कडेवर बसले. "झालं ना आबा सगळं नीट? तुम्हाला फार त्रास झाला."

आबा छताकडे बघत पडून होते.

वहिनींनी पदराखालून पुडी काढली. त्यात चाफ्याची फुलं होती. "आबा, कुठे ठेवलं त्याला? उद्या जाऊन वाहून येते. मनाला बरं वाटेल."

आबा उठून बसले. ते मला सांगताहेत की त्यांना, हे क्षणभर कळलं नाही. पण बोलले वहिनींकडे बघूनच, अगदी शांतपणे, शहरी मराठीत.

"ते मी नाही सांगणार."

"अहो आबा, असं काय..." भाऊ म्हणाले. "आमचाही होता तो."

"सकाळी होता का?" आबांनी विचारलं.

भाऊ खुर्चीवरून उठले. त्यांना कळलं असावं किंवा नसेलही. मला वाटतं, आजही त्यांना वाटतं की म्हातारा माणूस कुत्र्याच्या दुःखानं चिडला होता. वहिनी पुडी तशीच घेऊन उठल्या.

पुढे बोलणं बंद झालं असं नाही. गेटवर भेटलो की हसतो, पाण्याचा टँकर आला की एकमेकांना हाक मारतो. भरीत मात्र येत नाही. आणि आबा त्यांच्या ओट्यावर बसत नाहीत. भाऊंनी नंतर नाशिकहून कागदपत्रांसह मिळणारं एक पांढरं पिल्लू आणलं. ते भिंतीवर पाय ठेवून आमच्याकडे बघतं. आबा त्याला बोलावत नाहीत, हाकलतही नाहीत.

दिवाळीच्या आसपास वहिनींनी मला एकटीला गाठलं. मी स्कूटर काढत होते. "ताई, आबांचं जाऊ दे. तू तर सांगशील? मी कोणाला बोलणार नाही." त्यांनी माझा हात धरला होता. त्याच हातांनी त्यांनी कुत्र्याची घाण पुसली होती आणि त्याच हातांनी ओट्यावर गोमूत्र शिंपडलं होतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हींतलं काय जास्त होतं ते मी ठरवू शकले नाही.

"मला तास आहे, वहिनी," मी म्हणाले आणि स्कूटर चालू केली.