लोटनची बाटली, माझी गोळी

सन २०२३. माझं वय एकाहत्तर. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझा उजवा पाय बघून म्हणाल्या, "नाना, सेल्युलायटिस आहे." म्हणजे कातडीखाली जंतू पसरलेत. त्यात मला शुगर. आणखी लांबवलं असतं तर पाय कापावा लागला असता, असंही म्हणाल्या. बाभळीचा काटा लागलेला, तो मीच पंधरा दिवस अंगावर काढला होता. सुजेच्या कडेने त्यांनी पेनाने रेघ मारली.

शेजारच्या खाटेवर माझाच भाऊबंद निघाला, लोटन. लघवीत जंतू, अंगात ताप. पोळ्याला वेशीतून पहिली जोडी कुणाची, यावरून आमचं चाळीस वर्षं वाजतंय.

दोन दिवस दोघांनाही सलाईन. तिसऱ्या दिवशी माझं काढलं. दोघांचेही कल्चर रिपोर्ट आले होते. पुवातला किंवा लघवीतला जंतू काचेच्या बशीत वाढवतात आणि कोणत्या औषधाने मरतो ते बघतात. मला साध्या गोळ्या. लोटनला आणखी भारी बाटली, दिवसातून तीनदा!

आमच्याकडे भेटायला येणारा आधी सलाईनच्या दांडीकडे बघतो, मग पेशंटच्या तोंडाकडे. माझी दांडी रिकामी. "लोटनआबाले लई भारी औषध चालू शे," म्हणत अख्खं गाव त्याच्या खाटेभोवती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्याचं औषध मला द्या. मी काय कमी आहे?" मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं.

"तुमच्या जंतूला हीच गोळी लागू पडतेय. बघा, सूज रेघेच्या आत आलीय."

मला पटलं नाही. मागच्या वर्षी दाढ दुखताना आणलेल्या चार कॅप्सुला घरच्या डब्यात उरल्या होत्या. बायकोकडून मागवल्या. गोळी बंद, आता ह्याच घ्यायच्या. संध्याकाळी पहिली तोंडाजवळ नेली, तोच लोटन बोलला. आल्यापासून पहिल्यांदाच.

"काय खाई राहिना रे, नाना?"

"भारी औषध. तुलेच काय फक्त?"

"मी बी असंच करत व्हतू. ताप उना का दुकानमाईन कॅप्सूल, बरं वाटनं का बंद. आते मन्हा जंतूले काहीच लागू पडत नही. हाई बाटली शेवटली शे, येना पुढे औषध नही, बाई बोलनी." मग माझ्या टेबलावरच्या गोळीकडे बघत राहिला. "तुले साधी गोळी पुरस. नशीबवान शे तू."

लोटन माझ्यावर जळत होता! खरं सांगतो, आधी गोड वाटलं. मग सुया टोचून काळानिळा झालेला त्याचा हात दिसला, आणि मी कॅप्सूल खाली ठेवली.

माझा पाय आज शाबूत आहे. तुमच्यावर वेळ आली आणि बाटली काढली, तर आपल्याला हलकं लेखलं असं समजू नका. मी समजलो होतो.

त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी चारी कॅप्सुला डॉक्टरीणबाईंच्या हातात दिल्या. मग माझी साधी गोळी घेतली. सावकाश, लोटनला नीट दिसेल अशी.